तार डॉक्टरांची की दम तुमचा?

अहो,

तुम्हाला जाऊन महिना झाला आणि घर इतकं शांत झालंय की वाडीतले कावळेसुद्धा बिचकून बसलेले असतात. सकाळी चहाच्या आधी केळींकडे तोंड करून ट्रम्पेट वाजवणारा माणूस दिसत नाही, तर आता आपण ओरडायचं की गप्प बसायचं हे त्यांना कळत नसावं. परवा शेजारची कोंसू म्हणाली, "बाई, आता झोप तरी नीट होत असेल तुमची." मी म्हटलं, हो, होते. कसली होते! नेहमीच्या वेळेला डोळे उघडतात आणि मी कान देऊन पडून राहते. मग स्वतःवरच चिडते आणि उठून चहा टाकते.

काल चर्चमध्ये तुमच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा झाली. मिस्सेनंतर घरी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण मी ते एकदम सांगणार नाही, पहिल्यापासून सांगणार. तुम्ही मध्येच "मुद्द्यावर ये, फिलू" म्हणायचात, ते आता म्हणता येणार नाही. इतकी वर्षं चौथीच्या पोरांना शिकवलंय मी, मुद्द्यावर कधी यायचं ते मला कळतं.

आपल्या लग्नातली गोष्ट गावात अजून सांगतात. चर्चमधून बाहेर पडलो, बॅन्ड सुरू झाला, आणि नवरा कुठे गेला म्हणून सगळे शोधतायत, तर नवरा बॅन्डच्या दुसऱ्या रांगेत! कोणीतरी सूर चुकवला म्हणून तुम्ही त्याच्या हातातला ट्रम्पेटच ओढून घेतला होता. मी हातात फुलं धरून एकटी उभी. माझी आई रडायला लागली, सासूबाई हसायला लागल्या. शेवटी बस्त्याव मास्तरांनी, म्हणजे कोळीवाड्यातल्या आपल्या बॅन्डमास्तरांनी, तुम्हाला रांगेतून ढकलून बाहेर काढलं. "पास्कू, आज तरी बायकोबरोबर चाल रे!" तुम्ही चाललात, पण घरापर्यंत तुमची बोटं माझ्या मनगटावर ट्रम्पेटची बटणं दाबत होती. त्याच दिवशी मला कळलं की या घरात आपण दोघं नाही, तिघं राहणार आहोत.

मला ते आवडत नव्हतं असं नाही. पण आवडतं असं मी तुम्हाला कधी म्हटलंही नाही. म्हटलं असतं तर तुम्ही जेवतानाही वाजवलं असतं.

मग आपली लुसी लग्नाची झाली त्या वर्षीचा गावचा सण आला. मिरवणूक चर्चला वळसा घालून तलावाकडे निघाली होती आणि तुमचा ट्रम्पेट मध्येच थांबला. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल, मला आलं. मी बायकांच्या रांगेतून मागे वळून पाहिलं तर तुम्ही चर्चच्या पायरीवर, मांडीवर ट्रम्पेट घेऊन, छातीवर मूठ दाबून बसलेले. तोंडाने मात्र, "काय नाय गं, कालचं डुकराचं मटण बाधलं." त्या मटणाला तुम्ही पुढचे दोन महिने दोष दिलात. वाडीत मोटर सुरू करायला वाकलात की मटण. सायकलवरून माणिकपूरला गेलात की मटण. शेवटी मी तुम्हाला हाताला धरून माणिकपूरच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मुंबईला पाठवलं.

तिथले डॉक्टर मला आधी अजिबात आवडले नव्हते. एवढे तरुण! माझ्याच वर्गातून पास होऊन गेलेला एखादा मुलगा वाटावा. पण बोलायला चांगले. जांघेतून नळी घालून, हृदयाच्या नळ्यांमध्ये रंग सोडून त्यांनी फिल्म काढली आणि ती आपल्याला दाखवली. दोन नळ्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. तिसरी निघते, थोडी पुढे येते आणि मध्येच संपते.

"ही शंभर टक्के बंद आहे," डॉक्टर म्हणाले.

"बघा," मी तुम्हाला म्हटलं, "शंभरपैकी शंभर आयुष्यात पहिल्यांदा मिळाले तुम्हाला."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही हसलात. भीती लपवायला मला तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं, हे तुम्हाला कळलं होतं ना?

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, छाती उघडून बायपास. तो खात्रीचा. दुसरा, जांघेतूनच एक बारीक तार सरकवत सरकवत त्या बंद जागेतून पलीकडे घालायची आणि तिच्यावरून छोटा फुगा नेऊन तिथे फुगवायचा, म्हणजे वाट मोकळी होते. हे तेव्हा आपल्याकडे नुकतंच आलेलं. नळी अर्धवट बंद असेल तर तार सहज जाते, पण पूर्ण बंद असली की समोर भिंतच असते, तार जाईलच असं सांगता येत नाही, आणि मोकळी झालेली नळी पुन्हा बंदही होऊ शकते. त्यांनी काही लपवलं नाही.

मी म्हटलं बायपास. तुम्ही म्हटलंत फुगा. तिथेच, डॉक्टरांच्या टेबलासमोर, आपलं भांडण सुरू झालं.

तुमचं म्हणणं, छातीचं हाड कापल्यावर माणूस ट्रम्पेट कसा वाजवणार. डॉक्टर सांगत होते की हाड जुळून येतं, काही महिन्यांनी सगळं करता येतं. पण तुमच्या डोक्यात लुसीचं लग्न बसलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून मुलीच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत आणायचं, त्यात बापाने बॅन्डबरोबर नाही, पाहुण्यांबरोबर चालायचं, हे तुम्हाला कोणीही पटवून देऊ शकलं नसतं. "माझ्या पोरीचं पाणी दुसऱ्या कोणाच्या ट्रम्पेटवर घरी येणार नाय," म्हणालात. डॉक्टर म्हणाले, "लग्न कधी आहे?" तुम्ही म्हणालात, "अजून मुलगा बघायचाय."

तरी तुमचंच खरं झालं. तुम्ही फुग्याच्या कागदावर सही केलीत आणि मला म्हणालात, "आजवर मी फुंकत आलो. आता दुसरा कोणीतरी माझ्यात फुंकून बघूदे."

पहिल्या वेळी जमलं नाही. बराच वेळ गेला. मी बाहेर बाकावर बसून जपमाळ ओढत होते, आणि खोटं कशाला सांगू, मध्ये मध्ये माळ सोडून तुम्हाला शिव्या देत होते. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, "तार भिंतीत शिरत नाही. जास्त जोर लावला तर नळी फाटेल. आज थांबलो." माझा जीव भांड्यात पडला, कारण तुम्ही धडधाकट होतात, आणि त्याच क्षणी मनात आलं, आता तरी बायपास करतील.

पण दुपारी तुम्ही जे केलंत, ते या जगात फक्त तुम्हीच करू शकता.

जांघेतून नळी काढली होती, तिथे पट्टी, पट्टीवर वाळूची पिशवी. सिस्टरनी बजावून सांगितलं होतं, उजवा पाय जराही हलवायचा नाही, संध्याकाळपर्यंत लाकडासारखा सरळ. तुम्ही शहाण्यासारखे पडून होतात. आणि खालून रस्त्यावरून कोणाची तरी वरात गेली. बॅन्डसकट. मी खिडकीशी उभी राहून बघत होते. मागे वळले तर चादरीवर लाल डाग, तो बघताबघता केवढा झाला! आणि पांघरुणाखाली तुमचा उजवा पाय ठेका धरून टाप टाप चाललेला.

मी किंचाळले. सिस्टर धावत आल्या, दोन्ही हातांनी जांघ दाबून उभ्या राहिल्या, त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. आणि तुम्ही? पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्यांनाच सांगताय, "सिस्टर, त्यांचा ढोलवाला मागे पडत होता. पाय आपोआप गेला."

रक्त थांबलं तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन इतकी हसले की एका म्हातारीने मला पाणी आणून दिलं. हसता हसता रडायला लागले ते मात्र तिला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल. त्या व्हरांड्यात मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की हा माणूस ट्रम्पेटशिवाय जगवला तर तो पास्कू राहणार नाही. आणि ट्रम्पेटसकट जगवायचा तर कदाचित जगणारच नाही. यातलं काय निवडायचं, ते मला कळेना.

घरी आल्यावर मी बायपासचा धोशा लावला. लुसीला हाताशी धरलं, बस्त्याव मास्तरांना मध्ये घातलं, फादरांनाही घरी बोलावलं. फादर चहा प्यायले, तुमच्या हातचा एक सूर ऐकायचा मोह त्यांनाच आवरला नाही, आणि तुम्ही तो वाजवून खोकत बसलात. मला फादरांचा इतका राग आला की पुढच्या रविवारी मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी एकदा विहिरीच्या काठावर तुम्ही मला म्हणालात, "फिलू, एकदाच अजून. या वेळी नाय जमलं तर तू सांगशील तिथून कापू दे." तुम्ही कधी अशा आवाजात बोलत नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तुमचा उजवा पाय चादरीने खाटेला बांधूनच टाकला. म्हणाले, "आज रस्त्यावरून लष्कराचा बॅन्ड गेला तरी चालेल." तार या वेळी जरा ताठ होती. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच आत होते असं वाटतं. तार भिंतीशी जाऊन अडते आहे. डॉक्टर पडद्यावर डोळे लावून. ते म्हणाले, "मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." तुम्ही घेतलात. ट्रम्पेटवाल्याचा श्वास तो! डॉक्टर तार फिरवतायत, फिरवतायत, आणि "सोडा" म्हणायचं विसरून गेले. साधा माणूस कधीच सोडून मोकळा झाला असता. पण बॅन्डमध्ये मास्तरांचा हात खाली येईपर्यंत दम सोडायचा नसतो, आणि डॉक्टरांचा हात काही खाली येईना. तुमचं तोंड जांभळं पडलं, डोळे बाहेर आले. शेजारची सिस्टर ओरडली तेव्हा डॉक्टर दचकले. "अहो सोडा! सोडा श्वास!" आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं तर तार पलीकडे गेलेली.

मग फुगा फुगवला, तुमच्या छातीत कळ आली, फुगा उतरवला, कळ गेली, असं थोडा वेळ चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्क काढायच्या आधीच मला कळलं, त्यांचे डोळे हसत होते. "गेली," एवढंच म्हणाले. मी पिशवीतली सुकेळी त्यांच्या हातात कोंबली. आपल्याच राजेळी केळ्यांची, आपल्याच गच्चीवर वाळवलेली. ते म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "खा आधी, मग सांगते."

आणि घरी आल्या दिवसापासून तुमचं कीर्तन सुरू झालं.

"तार डॉक्टरांची, मान्य. पण दम कोणाचा?" कोणी पाहुणा आला, पाय धुऊन ओटीवर टेकतो न टेकतो तोच, "तार डॉक्टरांची, मान्य." लग्नघरी, बारशाला, मयताच्या घरीसुद्धा! तुमच्या मते तुम्ही तेवढा दम धरला नसता तर तार गेलीच नसती. एवढ्यावर थांबलात तरी ठीक. पुढे तुम्ही असंही म्हणायला लागलात की हृदय चालतंय ते रोज सकाळच्या फुंकण्यानेच, डॉक्टरांनी फक्त दार उघडून दिलं, घर मी झाडतोय. आणि दर वेळी मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "तारेने वाचलात तुम्ही, तारेने! शिकलेल्या माणसाच्या हाताने!" बॅन्डची माणसं ओटीवर बसून मजा बघायची. बस्त्याव मास्तर म्हणायचे, "बाई, एकदा तरी म्हना ना की दम पास्कूचा व्हता." मी म्हणायचे, मेले तरी म्हणणार नाही.

सुरुवातीला मी ते खरंच मनापासून म्हणत होते. आता ऐका.

लुसीचं लग्न ठरलं आणि त्याच्या थोडं आधी डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा तपासायला बोलावलं. तीच नळी, तोच रंग, तीच फिल्म. तुम्ही आत पाय सरळ ठेवून पडला होतात, ठेका न धरता, आणि डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "बाई, ती नळी पुन्हा बंद झाली आहे. पूर्ण."

मी आधी तुमच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"पण," ते म्हणाले, "त्यांच्या छातीत दुखत नाही. चालत्या पट्ट्यावर चालवलं, काही झालं नाही. बाजूच्या नळीतून बारीक बारीक फाटे वाढून त्या जागेपर्यंत पोचलेत. रक्त तिथून जातंय." मला लगेच कळलं. आपला मोठा पाट गाळाने भरला की पाणी शेजारच्या वाफ्यांमधून झिरपत झिरपत केळींपर्यंत जातंच की. मी विचारलं, "हे फाटे कशाने वाढले?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आपोआप वाढतात काही जणांत. त्यांचे इतके कसे वाढले ते मी सांगू शकत नाही. ते रोज काय करतात?"

मी म्हटलं, "फुंकतात."

डॉक्टर हसले. म्हणाले, "मग फुंकू दे. त्रास झाला तर लगेच या. तुम्हीच घरी शांतपणे त्यांना सांगा."

मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुद्दाम. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लुसीच्या पाण्याला ट्रम्पेट उचलला असतात, तो उचललाच असतात, पण प्रत्येक सुराला स्वतःच्या छातीकडे कान देत वाजवला असतात. मी विचार केला, कान देण्याचं काम मी करते, वाजवायचं यांनी.

आणि काय वाजवलंत तुम्ही त्या दिवशी! लुसी पाटावर बसून वाट बघत होती, आम्ही बायका विहिरीवरून कळशा घेऊन निघालो, आणि तुम्ही बॅन्डच्या पुढे, उलटे चालत, आमच्याकडे तोंड करून. मास्तरांनी दोनदा हात खाली आणला तरी तुमचा सूर संपेना. सगळ्या बायका नाचत होत्या. मी एकटी कळशी घट्ट धरून तुमच्या गालांकडे, ओठांकडे, कपाळाकडे बघत होते. तुम्ही मला खूण केलीत, नाच की! मी नाचले. माझ्या कळशीतलं अर्धं पाणी माझ्याच अंगावर सांडलं आणि तुम्ही वाजवता वाजवता हसलात, तेवढाच एक सूर त्या दिवशी तुमचा फाटला.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही ओटीवर बसून "दम कोणाचा" करत राहिलात, आणि मी आतून "तारेने वाचलात" ओरडत राहिले. फरक एवढाच की आता मला खरं ठाऊक होतं. तार गेली, फुगा फुगला, सगळं झालं, त्यानेच तुम्हाला पहिले काही महिने दिले, त्या पोरसवदा डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांची उघडलेली वाट कधीच मिटली होती. तुम्ही चालत होतात ते तुमच्याच जोरावर.

एकदा तर तुम्ही खरंच रुसलात. आठवतं? कामणला कोणाच्या तरी लग्नात वाजवून आला होतात, खूश होतात, आणि मला म्हणालात, "चारचौघांत नको, इथे दोघांत तरी म्हण ना, पास्कू तुझाच दम." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. का, ते सांगते. आपल्या संसारात मी एकदाही वाद हरलेले नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी मिठालाच बोल लावला. त्या दिवशी मी सरळ "हो, तुमचाच दम" म्हटलं असतं, तर तुम्ही हातातला घास खाली ठेवून विचारलं असतंत, "फिलू, डॉक्टर काय म्हणाले?" म्हणून मी म्हटलं, "तारेने वाचलात, गप्प जेवा." आणि तुम्ही पाठ फिरवून जेवलात. ती तुमची पाठ मला फार दिसते हल्ली.

गेलात ते शेवटी हृदयाने नाहीच. काविळीने. ज्या दुखण्याची मी कधी काळजीच केली नव्हती तेच आलं. डोळे पिवळे झाले तेव्हा आरशात बघून तुम्ही म्हणालात, "घासलेल्या ट्रम्पेटचा रंग हाय बघ." शेवटच्या दिवशी माणिकपूरचे डॉक्टर तुमच्या छातीला नळी लावून ऐकत होते आणि मान हलवत होते. "बाकी सगळं हरलं, बाई. हृदय अजून ठणठणीत चाललंय." मी तुमचा हात धरून होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तुम्हाला ऐकू जात होतं की नाही, देव जाणे.

तर आता काल.

मिस्सेनंतर सगळे घरी आले. अख्खा बॅन्ड ओटीवर. लुसी, तिचा नवरा. आणि दारात कोण, तर मुंबईचे डॉक्टर! लुसीने माणिकपूरला जाऊन फोन करून त्यांना कळवलं होतं. आता ते तेवढे पोरसवदा दिसत नाहीत, कानांजवळ पांढरं झालंय. मी त्यांच्यासमोर सुकेळी ठेवली. त्यांनी न विचारता खाल्ली.

लुसी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या तारेमुळे पप्पा माझ्या लग्नात वाजवू शकले. आई नेहमी हेच म्हणते." सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून सुकेळी चघळत राहिले. भला माणूस. माझं गुपित त्यांनी माझ्याकडेच राहू दिलं.

मला गप्प बसता आलं असतं. वाद माझ्या बाजूने मिटला होता, कायमचा. समोर उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात.

मी उठून उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी. म्हटलं, "लुसी, ती तार तुझ्या लग्नाच्या आधीच वाया गेली होती. नळी पुन्हा बंद झाली होती, शंभर टक्के. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, मी कोणालाच सांगितलं नाही. तुझं पाणी आलं ते बंद नळीवर आलं. आणि नंतरची दोन वर्षंही."

लुसीने तोंडावर हात घेतला. बस्त्याव मास्तर डॉक्टरांकडे वळले. "म्हंजे डाक्टर, मंग दम कोनाचा व्हता?"

डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग तुमच्या फोटोकडे. म्हणाले, "माझा तर नव्हता."

अहो, काय गलका झाला! मास्तरांनी मांडीवर थाप मारली, ढोलवाला ओरडला, लुसी रडता रडता हसत माझ्या गळ्यात पडली. बॅन्डवाल्यांनी मला मध्ये उभं केलं आणि सगळे एका सुरात, "बाई, म्हना! बाई, म्हना!" मी म्हटलं. मोठ्याने, आपल्या ओटीवर, सगळ्या गावासमोर. "दम पास्कूचाच होता. मी हरले."

आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने तुमचं नाव घेतलं, तेही हरण्यासाठी.

सगळे गेल्यावर मी ओटीवर एकटीच बसून राहिले. तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला नीट दिसत होतं. गल्लोगल्ली सांगत सुटला असतात. फादरांना मिस्सेत जाहीर करायला लावलं असतंत. रोज सकाळी ट्रम्पेटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मला ते म्हणायला लावलं असतंत, पाहुण्यांसमोर, शाळेतल्या पोरांसमोर, कोंसूसमोर. वर्षभर तुम्ही मला सुखाने जगू दिलं नसतं.

मला ते वर्ष हवं होतं हो.